कपाट नावाची गाडी

विलासदादा आले तेव्हा मी अंगणात मिरच्यांची देठं काढत बसले होते. विलासदादा म्हणजे माझ्या नवऱ्याचे, शेखरचे, थोरले चुलतभाऊ. माझ्या लग्नाला दोन वर्षं होत आली होती, पण ते आमच्या घरी आलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. फाटकाच्या आत येऊन ते थांबले आणि कोपऱ्यात लावलेल्या आमच्या गाडीकडं बघत राहिले.

"काकू आहेत का?" त्यांनी विचारलं.

"आहेत ना. कांडपावर आहेत. बोलावते."

गडहिंग्लजमध्ये सासूबाईंचं चटणी कांडपाचं यंत्र होतं. मागच्या पडवीत ते दिवसभर धडधडत असायचं आणि आमच्या घरी येणारा प्रत्येक माणूस आधी शिंकायचा, मग बोलायचा. मी आत जाऊन सांगितलं तसं त्यांनी यंत्र बंद केलं आणि लालभडक हात फडक्याला पुशीत बाहेर आल्या.

"बस," त्या म्हणाल्या.

विलासदादा बसले नाहीत. "काकू, आईचा खुबा मोडलाय. न्हाणीत घसरली. कोल्हापुरात ऑपरेशन झालं."

"कळलं होतं मला."

"उद्या सोडणार आहेत. पण बसवायचं नाही म्हणालेत, आडवंच न्यायला पाहिजे. मी अँब्युलन्स ठरवली होती, तर ती ऐकत नाही. आबांना त्यातूनच आणलं होतं, मी त्यात चढणार नाही म्हणते." त्यांनी परत गाडीकडं बघितलं. "तर तुमची गाडी..."

"अक्कांनी सांगितलं, माझ्याकडं जा म्हणून?"

"नाही. तिला माहीत नाही."

सासूबाई थोडा वेळ फडक्यानं बोटं पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "किती वाजता सोडणार?"

अक्का म्हणजे सासूबाईंच्या थोरल्या जाऊ. गडहिंग्लजच्या पुढं नेसरीला त्यांचं घर. या दोघी जावांचं बोलणं बारा वर्षं बंद होतं. का, ते शेखरनं मला एकदा थोडक्यात सांगितलं होतं. माझे सासरे कौलं शाकारताना छपरावरून पडले आणि काही दिवसांनी कोल्हापूरच्या दवाखान्यात वारले. त्यांचं वर्षश्राद्ध व्हायच्या आतच सासूबाईंनी ही गाडी घेतली आणि चालवायलाही शिकल्या. तेव्हा कुणाच्या तरी बारशात, भरल्या घरात अक्का म्हणाल्या होत्या, "नवऱ्याची राख निवली नाही अजून, आणि ही बाई गावभर गाडी उडवत फिरते." सासूबाई हातातलं ताट खाली ठेवून तिथून उठल्या, त्या परत अक्कांच्या घरात गेल्या नाहीत. थोरले सासरे, म्हणजे विलासदादांचे आबा, वारले तेव्हासुद्धा त्या नेसरीला गेल्या, अंगणात उभ्या राहिल्या, आणि उंबरा न ओलांडता परत आल्या.

आता गाडीबद्दल सांगायला पाहिजे. तसली गाडी मी आधी कधी बघितली नव्हती आणि नंतरही नाही. बेळगावच्या एका गॅरेजवाल्यानं ती कुठल्याशा बँड पथकासाठी जुन्या जीपच्या सांगाड्यावर बांधलेली होती. पुढचं तोंड आखूड आणि बसकं, मागचा भाग मात्र एकदम उंच, लांब आणि चौकोनी. मागं कपाटासारखी दोन दारं. दोन्ही बाजूंना एसटीसारख्या लांब काचा. रंग पिस्त्याचा. गावात तिला सगळे कपाटच म्हणायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा शेजारणीनं मला ओळख करून दिली ती अशी, "ही कपाटवाल्यांची सून."

गाडी कामाची होती, यात वाद नाही. संकेश्वरच्या बाजारातून मिरचीची पोती तीच आणायची. सीटा काढता-घालता यायच्या, म्हणून लग्नाला सगळं घर तिच्यातच मावायचं. गल्लीतल्या कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं, तर सासूबाई हातातलं काम टाकून निघायच्या. पण शेखर कॉलेजात शिकवत होता आणि पोरं त्याला पाठीमागं कपाटसर म्हणायची. त्याला चारचौघांसारखी गाडी हवी होती. त्यानं आजऱ्याच्या एका मंडपवाल्याशी बोलून ठेवलं होतं आणि तो माणूस रविवारी गाडी बघायला यायचा होता.

"तुला चालेल ना, आई?" त्यानं विचारलं होतं.

"येऊ दे. बघू," एवढंच सासूबाई म्हणाल्या होत्या.

विलासदादा आले तो शुक्रवार होता. ते गेल्यावर सासूबाईंनी गाडीतली पोती उतरवली, मागच्या सगळ्या सीटा काढल्या, बंबातलं गरम पाणी घेऊन गाडी आतून धुतली आणि ती वाळल्यावर पुन्हा एकदा धुतली. मग स्वतःच्या पलंगावरची गादी आणून आत अंथरली. संध्याकाळी शेखर कॉलेजातून आला आणि हे बघून चकित झाला.

"तू अक्कांना आणायला जाणार? तू?"

"गाडी मला चालवता येते, विलासला येत नाही."

"मी जातो की."

"तुला उद्या परीक्षेची ड्युटी आहे. आणि तू खड्डे बघत नाहीस." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तू चल माझ्याबरोबर. मागं कुणीतरी बसायला पाहिजे."

सकाळी आम्ही निघालो. कोल्हापुरात दवाखान्याच्या मागच्या फाटकापाशी गाडी लावून सासूबाईंनी मागची दोन्ही दारं उघडली आणि बाजूला उभ्या राहिल्या.

वॉर्डबॉयनी अक्कांना स्ट्रेचरवरून आणलं. मी त्यांना माझ्या लग्नात लांबून बघितलं होतं, तेव्हा त्या चांगल्या भरलेल्या होत्या. आता चादरीखाली अगदी लहान दिसत होत्या. त्यांनी मान वळवून आधी गाडी बघितली, मग गाडीशेजारी उभी असलेली बाई बघितली.

"विलास," त्या म्हणाल्या, "दुसरं काही मिळालं नाही?"

"नाही मिळालं," विलासदादा खाली बघत म्हणाले.

सासूबाई अक्कांशी बोलल्या नाहीत. त्या वॉर्डबॉयशी बोलत होत्या. "डोकं ड्रायव्हरच्या बाजूला येऊ दे. चादरीसकट उचला. चौघं धरा. कंबर लोंबू देऊ नका. तुम्ही आधी आत चढा आणि तिकडून घ्या. हां. आता हळू टेकवा." त्या एवढ्या ठामपणे सांगत होत्या की ते चौघेही मुकाट्यानं ऐकत होते. अक्का गादीवर टेकल्या तेव्हा त्यांच्या तोंडातून हुं की चूं आलं नाही. पायांखाली एक उशी, ऑपरेशनच्या बाजूला घडी घातलेलं घोंगडं. मी त्यांच्याशेजारी पाट टाकून बसले.

विलासदादा मोटारसायकलवरून पुढं गेले. नेसरीला घर उघडून ठेवायचं होतं आणि अक्कांचं बघायला ठरवलेल्या बाईंना घेऊन यायचं होतं.

आम्ही निघालो. अक्कांचं डोकं ड्रायव्हरच्या सीटच्या बरोबर मागं होतं. दोघींच्या मध्ये फक्त सीटची पाठ. एकीचं तोंड रस्त्याकडं आणि एकीचं छताकडं, त्यामुळं एकमेकींकडं बघायचा प्रश्नच नव्हता.

कागल गेलं. सासूबाई फार सावकाश चालवत होत्या. ट्रकवाले हॉर्न वाजवत पुढं जात होते. मध्येच त्या मोठ्यानं म्हणायच्या, "खड्डा." तसा अक्का माझा हात घट्ट धरायच्या, गाडी खड्ड्यातून अलगद उतरून वर यायची, आणि अक्का हात सैल सोडायच्या. निपाणीपर्यंत दोघींमध्ये तेवढाच एक शब्द होता.

निपाणीच्या पुढं अक्कांनी काचेतून बाहेर बघायला सुरुवात केली. आडवं पडल्यावरही त्या लांब काचांतून झाडांचे शेंडे, विजेच्या तारा आणि लांबचे डोंगर दिसत होते.

"तवंदीचा घाट आला वाटतं," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही, म्हणून मीच हो म्हटलं.

"अशानं सांज होईल घरी पोचायला."

"होऊ दे," पुढून सासूबाई म्हणाल्या.

घाट चढताना अक्कांना शिंक आली. शिंकेनं खुब्याला हिसका बसला आणि त्यांनी डोळे गच्च मिटले. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मिरचीचा वास आहे अजून."

"दोनदा धुतली."

"मिरच्यांसाठी घेतलेली गाडी. वास येणारच."

एक वळण गेलं, मग दुसरं गेलं.

"मिरच्यांसाठी नव्हती घेतली," सासूबाई म्हणाल्या. "कांडप मी नंतर टाकलं. गाडी आधी घेतली."

"मग कशाला घेतलीस?"

"तुम्ही आत्ता जशा पडलाय ना, तसं माणसाला पडता यावं म्हणून."

माझा हात अक्कांच्या हातात होता. त्यांची बोटं हलायची थांबली.

सासूबाई रस्त्यावरची नजर न काढता बोलत होत्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, जणू बाजारातला भाव सांगत होत्या. "ह्यांना घेऊन गेलो तेव्हा वडापची, माणसं कोंबून नेणारी जीपच मिळाली. तुम्ही होतातच की. बसवून नेलं. पाठीचं हाड मोडलेला माणूस, आणि घरापासून कोल्हापूरपर्यंत बसवून नेलं. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी मला एवढंच विचारलं, बसवून आणलंत? मी हो म्हटलं. ते पुढं काही बोलले नाहीत. वाईट माणूस नव्हता तो. पण ते विचारणं माझ्या कानातून गेलं नाही."

"तारा," अक्का म्हणाल्या.

"मग मी बेळगावला गेले. माझ्या भावानं सांगितलं होतं, तिथं एक लांबडी गाडी पडून आहे, कुणी घेत नाही. तो गॅरेजवाला चांगला उंच होता, ह्यांच्याएवढा. मी त्याला म्हटलं, तुम्ही आत आडवे व्हा. त्याला वाटलं बाईचं डोकं फिरलंय."

"झाला मग तो आडवा?"

"झाला. विकायची होती की त्याला."

अक्कांच्या तोंडातून बारीकसा आवाज आला. मला वाटलं हसल्या. पण त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळत होतं आणि त्यांना ते पुसता येत नव्हतं. मी पदरानं पुसलं.

घाट उतरून गाडी सपाटीला लागली. संकेश्वर जवळ आलं तेव्हा अक्का बोलायला लागल्या. त्या छताकडं बघत होत्या.

"तू त्यांचं डोकं धरलं होतंस," त्या म्हणाल्या. "मी पायाशी होते. भाऊजी एवढे उंच, पाय बाहेर येत होते. दार लागत नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, दार लावल्याशिवाय निघणार नाही. तू त्यांच्या तोंडात पाणी घालत होतीस, तुझं लक्ष नव्हतं. मी त्यांचे गुडघे धरले आणि दुमडले. ते ओरडले. तुला वाटलं, गाडी हलली म्हणून ओरडले."

सासूबाईंनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. इंजिन चालूच होतं.

"तुझ्या तोंडाकडं बघवत नव्हतं मला," अक्का म्हणाल्या. "तू समोर आलीस की ते ओरडणं ऐकू यायचं. म्हणून तू समोर येऊ नये असं वाटायचं. त्या बारशात मी ते बोलले... तू उठून गेलीस, तर मला बरं वाटलं, तारा. खरं सांगते. आता ही परत यायची नाही, असं वाटलं."

एक एसटी शेजारून गेली आणि आमची गाडी थोडी हलली. सासूबाईंचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त मान आणि अंबाडा दिसत होता. मला वाटलं, आता त्या खाली उतरतील, मागचं दार उघडतील, काहीतरी बोलतील. त्या उतरल्या नाहीत.

"दार लागलं नसतं तर जीप निघाली नसती, अक्का," त्या म्हणाल्या. "कुणीतरी लावायलाच पाहिजे होतं."

मग त्यांनी गिअर टाकला. थोडं पुढं गेल्यावर म्हणाल्या, "खड्डा." अक्कांनी माझा हात धरला.

गडहिंग्लज आलं तेव्हा दुपार झाली होती. नेसरीला जायला गावातून सरळ पुढं जावं लागतं. सासूबाईंनी गाडी आमच्या गल्लीकडं वळवली. अक्कांना काचेतून देवळाचा कळस दिसला असावा.

"तारा, नेसरी सरळ आहे."

"मला माहीत आहे."

"मला माझ्या घरी सोड."

"तिथं कोण आहे? पगारी बाई, ती पण एकटी. तुम्हाला कुशीवर करायला दोघी लागतात. इथं आम्ही दोघी आहोत." आणि मग मला म्हणाल्या, "घरी गेल्यावर विलासला फोन लाव त्याच्या शेजाऱ्यांकडं. म्हणावं, आई मध्येच उतरली."

मला कुणी विचारलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर मला त्याचं काही वाटलं नाही. सबंध वाटभर त्या बाईंचा हात माझ्या हातात होता.

शेखर परीक्षेची ड्युटी संपवून घरी आला होता. गाडी दारात थांबली, मागची दारं उघडली, आणि आत अक्कांना बघून तो जागच्या जागी उभा राहिला.

"आई, अक्का इथं?"

"चादर धर त्या बाजूनं. कंबर लोंबू देऊ नकोस."

शेजारचे दोघे धावून आले. आम्ही अक्कांना मधल्या खोलीत सासूबाईंच्या पलंगावर ठेवलं. गाडीतली गादी त्यांच्याबरोबरच परत पलंगावर आली. सासूबाईंनी त्या रात्रीपासून खाली अंथरूण टाकलं.

अक्का पुढं सहा वर्षं आमच्याकडंच होत्या. हळूहळू काठी घेऊन चालायला लागल्या. कांडपाचं गिऱ्हाईक सांभाळायला लागल्या. दोघी जावा रोज कशावरून तरी वाद घालायच्या, मिठावरून, मिरचीच्या तिखटपणावरून, कुणाच्या लग्नात काय द्यायचं यावरून. त्या जीपबद्दल मात्र दोघींपैकी कुणी पुन्हा बोललेलं मी ऐकलं नाही. विलासदादा दर पंधरवड्याला यायचे आणि आता बसायचेही.

पण मला सांगायचं आहे ते त्याच शनिवार-रविवारचं.

शनिवारी संध्याकाळी मी आणि शेखर परसात पाणी घालत होतो. मी त्याला सगळं सांगितलं. सांगू नकोस असं मला कुणी म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं असतं तरी मी ते स्वतःजवळ ठेवू शकले असते असं वाटत नाही. सासरे पडले तेव्हा शेखर राहुरीला कॉलेजात होता. तार उशिरा मिळाली आणि तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. बाबा छपरावरून पडले आणि दवाखान्यात गेले, एवढंच त्याला माहीत होतं. मधला रस्ता त्याला कुणी सांगितला नव्हता.

त्यानं ऐकून घेतलं. बादली खाली ठेवली. "बसवून," तो म्हणाला. रात्री तो जेवला नाही.

रविवारी सकाळी त्यानं आजऱ्याच्या मंडपवाल्याला फोन केला आणि येऊ नका म्हणून सांगितलं. पलीकडून कारण विचारलं असणार. "घरात पेशंट आहे," शेखर म्हणाला, "गाडी लागते आम्हाला." फोन ठेवून तो बाहेर गेला.

बऱ्याच वेळानं मी अक्कांचं अंग पुसायचं पाणी ओतायला बाहेर आले, तर गाडीची मागची दारं उघडी होती आणि शेखर आत आडवा झाला होता. खाली काही अंथरलेलं नव्हतं. एक हात डोक्याखाली, गुडघे वर घेतलेले, नजर छताकडं. शेखर अगदी वडिलांच्या उंचीचा, हे मला लग्नात निदान दहाजणांनी तरी सांगितलं होतं.

मी हाक मारणार, एवढ्यात सासूबाई अक्कांची औषधं आणायला म्हणून किल्ली घेऊन बाहेर आल्या. त्यांनी बघितलं. माझ्याकडं एकदा बघितलं आणि काय झालं असेल ते त्यांना कळलं. पिशवी पायरीवर ठेवून त्या गाडीच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या.

"आई," शेखर आतून म्हणाला, "बाबा मावले असते का गं यात?"

"पाय सरळ कर," सासूबाई म्हणाल्या.

त्यानं गुडघे खाली घेतले आणि पाय पसरले.

सासूबाईंनी आधी डावं दार लावलं, मग उजवं. दोन्ही लागली.